टाकीतलं हृदय

"सूचना क्रमांक एकोणचाळीस," वासू मयेकरने मोठ्याने वाचलं, "'यंत्र खाली पडू देऊ नये.' बाई, एवढं शोधून काढायला तुम्हाला किती वर्षं लागली?"

डॉ. ऋचा देवस्थळींना बोट लागली होती. पुण्याहून येऊन जहाजावर चढल्यापासून दोन दिवस त्या एक निळी बादली मांडीवर घेऊनच वावरत होत्या, आणि आत्ताही त्यांचं तोंड बादलीतच होतं.

"पुढची वाचा," त्या तिथूनच म्हणाल्या. "चाळीस महत्त्वाची आहे."

"'बाजूचा पितळी स्क्रू कोणत्याही परिस्थितीत फिरवू नये.' बरं, नाही फिरवत. अजून किती आहेत?"

"एकसष्टपर्यंत."

वासूने कपाळाला हात लावला. समोरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ सरकत होती. ती त्याच्या बहिणीच्या नवऱ्याच्या, जनू तारीच्या हृदयाची. मिनिटाला चौतीस ठोके. मधेच रेघ सपाट व्हायची, तीन सेकंद, चार सेकंद, आणि वासू मनात सेकंद मोजायचा. आणि इकडे ही बाई सूचना वाचायला लावतेय!

'जलनंदा' जहाज रत्नागिरीपासून शंभर मैल आत उभं होतं. समुद्रातल्या तेलाचे दिवस सरत आले होते. आता काम उरलं होतं ते जुन्या विहिरींची तोंडं कायमची बंद करण्याचं. बहुतेक काम यंत्रमानव करत. पण जे गंजलेलं, वाकलेलं, कुठल्याच नकाशात नसलेलं असे, त्याला अजून माणसाचे हात लागत. ते हात जनूसारख्या पाणबुड्यांचे.

एकशे चाळीस मीटर खोल पाण्याचा दाब आपल्या नेहमीच्या हवेच्या पंधरा पट असतो. त्या दाबात माणसाच्या अंगात वायू मुरतो. माणूस एकदम वर आला, तर सोड्याची बाटली फोडावी तसं त्याचं रक्त फसफसतं आणि तो मरतो. म्हणून पाणबुड्यांना रोज वरखाली करत नाहीत. जहाजावर लोखंडाची एक मोठी टाकी असते. तिच्यात खालच्याइतकाच दाब भरून ठेवतात. पाणबुडे महिनाभर त्या टाकीत राहतात, खातात, झोपतात, आणि घंटेच्या आकाराच्या एका डब्यात बसून कामापुरते तळाला जातात. महिना संपला की टाकीतला दाब हळूहळू उतरवायचा. त्याला सहा दिवस लागतात. पंतप्रधान आत असले तरी सहाच दिवस.

टाकीची भिंत तीन बोटं जाड होती. अलीकडे टाकी सांभाळणारा वासू, पलीकडे जनू. अंतर हातभर, पण वाटेत सहा दिवस.

जनू आज, सोमवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच कोसळला. बरोबरचा पाणबुडा मिंगेल फर्नांडिस वेंगुर्ल्याचा, त्याने त्याला उचलून बिछान्यावर घातलं. मग कळलं, की याच्या आधी दोनदा चक्कर येऊन गेली होती. जनूने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. वय एक्कावन्न. कळलं असतं तर त्याला कायमचं जमिनीवर बसवलं असतं. हृदयाला ठोके देणारी त्याची नैसर्गिक गाठ दमली होती. सलाईनमधल्या औषधावर तिला रेटून चालवत होते, आणि ते औषध आता जेमतेम तीन तास पुरणार होतं.

बाहेर असता तर काही अवघड नव्हतं. तांदळाच्या दाण्याएवढा पेसमेकर आता तालुक्याच्या दवाखान्यातसुद्धा बसवतात. लोक त्याला 'बी' म्हणतात. बसवायचं यंत्र पिस्तुलासारखं असतं. छातीच्या हाडाखाली टेकवायचं, यंत्र स्वतःच आतलं चित्र बघतं, सुई हृदयाच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत जाते, बी टोचून ठेवते आणि मागे येते. चार मिनिटांचं काम. पण ते यंत्र हवेच्या दाबावर चालतं. टाकीत नेलं तर पंधरा पट दाबापुढे त्यातल्या हवेचा काही जोर उरत नाही, सुई जागची हलत नाही. शिवाय टाकीत हवेऐवजी हेलियम असतो. तो इतका बारीक, की कुठेही शिरतो आणि यंत्रातलं इवलंसं सिलिकॉनचं घड्याळ बंद पाडतो.

देवस्थळींनी सात वर्षं घालवून यावर उपाय काढला होता. हवेच्या जागी स्प्रिंग घातली, घड्याळ बदललं, आणि सगळं यंत्र तेलाने गच्च भरलं. तेल दाबलं जात नाही. आत हवेचा एक बुडबुडा नसला, की दाब पंधरा पट असो नाहीतर पन्नास पट, यंत्राला फरक पडत नाही. आणि तेलामुळे स्प्रिंग हळू सुटते. तेल नसतं तर सुई हातोड्यासारखी बसली असती. अशी दोनच यंत्रं तयार होती. चाचणीसाठी दोन्ही जहाजावर आणली होती.

"आता त्यांना विचारा," बादली बाजूला ठेवत देवस्थळी म्हणाल्या. "त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी काही करणार नाही."

वासूने माइक ओढला. "जनू, ऐकतंस ना?"

हेलियममध्ये माणसाचा आवाज बदकासारखा होतो. पूर्वी तो आवाज थोडा जड करून ऐकवणारं साधं खोकं असायचं. यंदा कंपनीने नवं बसवलं होतं. ते पाणबुड्यांचं बोलणं समजून घेऊन स्वच्छ मराठीत सांगायचं. स्पीकरमधून गोड, बातम्या देणारा आवाज आला: "मला ती बी नको आहे. कृपया मला विश्रांती घेऊ द्या. धन्यवाद."

"तो असं म्हणाला?" देवस्थळींनी विचारलं.

"तो जन्मात कुणाला धन्यवाद म्हणाला नाही." वासूने चिडून ते यंत्र बंद केलं. तीस वर्षांत त्याला बदकांची भाषा पाठ झाली होती. "आता बोल."

"माका नको म्हटलंय ना!" कर्कश किंचाळी आली. "बी बसली की पाणबुडो मेलो. सहा दिवस कळ काढतंय, मग बाहेर येऊन बघू."

"सहा दिवस? तुझ्याकडे तीन तास नाहीत, गाढवा!"

"तुका काय कळता? तू खुर्चीत बसान बटणा दाबतंस."

वासूच्या तोंडात चांगली अर्धा डझन उत्तरं आली. ती गिळून तो म्हणाला, "शैलाला मी काय सांगू? तुझा नवरा हट्टाने गेला?"

पडद्यावरची रेघ चार सेकंद सपाट झाली आणि परत उचलली.

"माझ्या हाताने पाठवतो," वासू म्हणाला. "दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मग तर झालं?"

शेवटी बदक पुटपुटलं, "तू पाठवतंस तर पाठव."

भिंतीत एक छोटी दुदारी खिडकी होती. बाहेरचं दार उघडून वस्तू ठेवायची, दार लावायचं, आत दाब भरायचा, मग आतला माणूस पलीकडचं दार उघडून ती घेतो. जेवण, कपडे, औषधं सगळं त्यातूनच जायचं. आणि टाकीवाल्यांचा पहिला धडा एकच: जे जे बंद आहे ते सैल करून पाठवायचं. घट्ट झाकणाची लोणच्याची बरणी पाठवली तर दाबाने तिचा चुरा होतो. शांपू, सॉस, थर्मास, दाढीचा साबण, सगळ्यांची झाकणं अर्धा फेरा सैल. वासूने हे दिवसातून पंचवीसदा, तीस वर्षं केलं होतं. घरी तो जेवायला बसला की मिठाच्या डबीचंही झाकण सैल करून ठेवायचा आणि बायकोचा ओरडा खायचा.

त्याने यंत्र निर्जंतुक पिशवीतून खिडकीच्या तबकात ठेवलं, पिशवीचं तोंड सोडलं, दार लावलं, दाब भरला. सुरेख काम झालं. आतून मिंगेलने दार उघडून यंत्र उचललं.

"लाल दिवा लागलोहा," मिंगेल किंचाळला.

"हिरवा असेल. नीट बघ."

"मी काय आंधळो? लाल! टोमॅटोसारखो लाल!"

देवस्थळी उठून पडद्याला जवळजवळ चिकटल्या. यंत्राने स्वतःची तपासणी करून निकाल दिला होता: तेलात वायू. सुई कुलूपबंद.

"अशक्य," त्या म्हणाल्या. "पुण्याला दोनशेवेळा दाब देऊन बघितलाय."

"पुण्याला समुद्र आहे का?" वासू उखडला. "तुमचं सगळं कागदावर छान. एकसष्ट सूचना! आणि पहिल्याच फटक्याला तेलात हवा!"

"मयेकर, जरा गप्प बसा, मला विचार करू द्या."

"करा. तीन तासांतला अर्धा तास तुमच्या सूचनांनी खाल्लाच आहे."

डायव्हिंगचे मुख्य अधिकारी प्रधान साहेब आवाज ऐकून आत आले. देवस्थळींनी त्यांना सांगितलं: यंत्रातलं तेल बंद ठेवणाऱ्या रबरी पडद्यातून गळती झाली असणार. दाब फार पटकन भरला गेला म्हणून पडदा ताणला असेल. ते यंत्र आता कामातून गेलं. आत घुसलेला वायू टाकीत काढता येत नाही, आणि बाहेर आणलं तर तेलाचा फेस होईल.

"दुसरं आहे ना?" प्रधान म्हणाले.

"आहे. पण तेही असंच पाठवलं तर असंच मरेल. दाब हळू भरावा लागेल. चार तास तरी."

"औषध अडीच तासांचं आहे."

"मला माहीत आहे, साहेब!" त्यांचा आवाज चिरकला. "नाहीतर त्या रबरी पडद्यावर धातूची चकती बसवून बघते. अर्धा तास लागेल. चालेलच असं नाही. यंत्र उघडल्यावर बंद झालं नाही तर तेही गेलं."

त्यांनी हत्यारांची पेटी ओढून दुसरं यंत्र टेबलावर घेतलं. वासू वैतागून दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवणार, तोच त्याला वास आला. गोडसर, शिवणयंत्राच्या तेलासारखा.

त्याने उजवा हात उजेडात धरला. अंगठा आणि पहिलं बोट चकाकत होतं.

तेल भरायचा तो पितळी स्क्रू कधी फिरवला? त्याला आठवेना. आठवण्यासारखं ते नव्हतंच. तबकात ठेवायचं, हाताला जे काही फिरणारं लागेल ते अर्धा फेरा सैल करायचं, दार लावायचं. पिशवीवरूनच फिरवला असेल आणि मग तोंड सोडताना तेल लागलं असेल. ज्या तोंडाने त्याने चाळिसावी सूचना वाचली होती, त्या तोंडाला हाताने काही विचारलंच नव्हतं.

तो उभा राहिला. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. देवस्थळी स्क्रूड्रायव्हर शोधत होत्या. प्रधान वायरलेसवर होते. यंत्र बिघडलेलं निघालं, झालं. सात वर्षांचं काम पहिल्या चाचणीत नापास झालं, तेही झालं. हात पुसायला पँट होतीच.

रेघ सपाट झाली. एक, दोन, तीन, चार, पाच. उचलली.

"बाई, ते उघडू नका," वासू म्हणाला.

"आता काय?"

"तुमचं यंत्र बरोबर आहे. स्क्रू मी फिरवला."

देवस्थळींनी वर बघितलं. वासूने हात पुढे केला, जणू तिथेच लिहिलेलं होतं.

"तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतः वाचून दाखवलंत मला! 'बरं, नाही फिरवत' म्हणालात!"

"म्हणालो."

"मग का फिरवलात?"

"फिरवला नाही हो. फिरला. आम्ही सगळंच फिरवतो." त्याला स्वतःचाच संताप आला. "तीस वर्षं मी इथे झाकणं सैल करतोय. तुम्ही त्याला बाहेरून दिसणारा स्क्रू ठेवलात, तोही चिमटीत मावणारा!"

"म्हणजे माझी चूक?"

"नाही. माझी. पण तुमचं यंत्र आत जायच्या आधी माझ्या हातातून जाणार, हे तुमच्या पुण्याच्या दोनशे चाचण्यांत कुठेच नव्हतं."

प्रधानांनी वायरलेस खाली ठेवला. "मयेकर, तुम्ही काय कबूल करताय ते कळतंय ना? मला हे लिहावं लागेल. यानंतर तुम्हाला टाकीवर बसता येणार नाही."

"लिहा. आधी दुसरं यंत्र आत जाऊ द्या."

"ते तुम्ही पाठवणार नाही. मी पाठवतो."

"ओ!" स्पीकर किंचाळला. माइक सगळा वेळ चालू होता. आत जनूने शब्द अन् शब्द ऐकला होता. प्रधानांना बदकांची भाषा कळत नव्हती, त्यांनी पटकन गोड आवाजाचं यंत्र चालू केलं. ते म्हणालं: "रुग्ण काही मत व्यक्त करू इच्छितो."

वासूने ते पुन्हा बंद केलं. "बोल, जनू. शिव्या घाल."

"घालतंय मागसून." शब्द तुटत येत होते. "अठरा वर्षां तू पाठवतंस ता जेवतंय. तू पाठवतंस ती हवा घेतंय. त्यात काय घातलंस, कधी विचारलंय? दुसरा यंत्र पण तूच पाठव. नाय तर माका नको."

"अरे, अक्कल आहे का तुला? आत्ता मी एक घालवलं!"

"म्हणान तर तूच पाठव. दुसरा तू घालवचंस नाय. ह्या साहेबाचा पयला असात."

प्रधानांना शब्द कळले नाहीत, पण सुरावरून अर्थ कळला. रेघ पुन्हा सपाट झाली, या वेळी सहा सेकंद.

"द्या ते इकडे," वासू म्हणाला. "आणि बाई, माझं मनगट धरा. गंमत नाही करत. घट्ट धरा."

देवस्थळींनी दोन्ही हातांनी त्याचं उजवं मनगट पकडलं. त्याने डाव्या हाताने यंत्र तबकात ठेवलं, उजव्याने पिशवीचं तोंड सोडलं. सोडताना त्यांना त्याच्या मनगटातली शीर हललेली जाणवली. अंगठा आपसूक पितळेकडे निघाला होता. त्यांनी हात मागे ओढला. दार लागलं.

"हिरवा," मिंगेल म्हणाला. "पालकासारखो."

"भाजी पुरे," वासू म्हणाला. "जनूचा शर्ट काढ."

देवस्थळी सांगत गेल्या, वासू मिंगेलला सांगत गेला. हाडाच्या टोकापासून दोन बोटं खाली. टेकव. जोर देऊ नको, यंत्र जागा शोधेल. पडद्यावर धुरकट चित्र आलं, त्यात एक राखाडी पिशवी मंदपणे आकसत होती. यंत्राने जागा धरली. आता दोन ठोक्यांच्या मधली वेळ साधून सुई सुटणार.

सुई सुटली नाही.

"काय झालं?" प्रधान.

"ते ठोक्याची वाट बघतंय," देवस्थळी म्हणाल्या. "एक ठोका पडला की त्याला पुढची वेळ कळते." सात सेकंद. आठ. राखाडी पिशवी स्वस्थ. "ठोकाच पडत नाहीये."

"म्हणजे हृदय चालायला लागेल तेव्हा हृदय चालवायचं यंत्र चालणार?" वासू ओरडला. "हे कुणी ठरवलं?"

"मी! बुक्की मारायला सांगा. छातीवर, डाव्या बाजूला, मध्यम जोरात!"

"मिंगेल, यंत्र हलवू नको. दुसऱ्या हाताने त्याच्या छातीवर गुद्दा मार!"

"जनूदादाक?"

"मार म्हणतो ना!"

मिंगेलने मारला. रेघेने एक उडी घेतली. पाठोपाठ स्पीकरमधून बारीक 'टक्' ऐकू आलं, यंत्राचा दिवा निळा झाला आणि सुई मागे आली. पडद्यावर राखाडी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला एक पांढरा ठिपका दिसत होता, भाताच्या शितासारखा.

एक ठोका. सगळे बघत राहिले. दुसरा. तिसरा. एकसारख्या अंतराने, कंटाळा येईल इतके सारखे.

देवस्थळी जमिनीवरच बसल्या आणि त्यांनी बादली जवळ ओढली. "साठ," त्या म्हणाल्या, आणि ओकल्या.

दुपारी टाकीचा दाब उतरवायला सुरुवात झाली. व्हॉल्व्हवर दुसऱ्या पाळीचा माणूस बसला. प्रधानांनी कागद लिहून वासूसमोर ठेवला, वासूने वाचून सही केली. देवस्थळी विचारायला आल्या, पुढच्या यंत्रावर सूचना लाल रंगात, मोठ्या अक्षरात छापली तर चालेल का.

"छापू नका काही," वासू म्हणाला. "तो स्क्रूच दिसता कामा नये. आणि पुढच्या वेळी कागद घेऊन येऊ नका. यंत्र आणा, आमच्या हातात द्या, आणि आम्ही त्याचं काय वाटोळं करतो ते बघत बसा."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, शब्दाला शब्द.

टाकीला जाड काचेची एक गोल खिडकी होती. वासूने एक डबा पालथा घालून तिच्यापाशी बैठक मारली. तीस वर्षांत तो या बाजूला कधी नुसता बसला नव्हता. आत जनू उशीला टेकून होता. छातीवर मिंगेलच्या बुक्कीचा जांभळा डाग. त्याने भिंतीवरचा फोन उचलला.

"किती?"

"साठ."

"मिंगेलचे?"

"बहात्तर."

"मगे माजे कमी कित्याक? बाईक सांग, वाढव म्हणान."

"गप पड रे," वासू म्हणाला. डोळे पुसायला त्याने बाही वर केली आणि रागाने तशीच खाली घेतली. "शैलाचे चार फोन येऊन गेले. तू आता पाण्यात जायचा नाहीस. मला टाकीवर बसू देणार नाहीत. काय सांगू तिला?"

जनूने काचेतून त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"सांग," तो म्हणाला, "जेवणाक आमच्या दोघांचा धर. आमी घराक कायमचे येतंव."